ट्रॅक्टर, फावडे आणि गायतोंडे यांचे चित्र

वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत पाहून आमच्या धर्मग्रामातील एका संत्राबागाईतदाराने विचारले, "फादर, ह्याच्यात दाखोलं काय?" मी काही बोलण्याआधीच त्याच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलीने उत्तर दिले, "बाबा, ते ॲब्स्ट्रॅक्ट आहे." प्रश्न मिटला. मात्र त्यानंतर त्या चित्राकडे कोणीच पाहिले नाही. एका शब्दाने डोळे मिटवले, याची खंत मला वाटली.

वास्तविक हा शब्द त्या बागाईतदाराच्या अंगणातच उभा आहे. लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणे. त्यापासून ट्रॅक्टर, म्हणजे ओढणारा. आणि त्यापासूनच ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे ओढून वेगळे काढलेले. चित्रकाराच्या घरातील इतर शब्दही असेच कष्टकरी आहेत. कॅनव्हासचे मूळ भांगेच्या रोपाच्या लॅटिन नावात आहे, कारण ते कापड त्याच रोपाच्या वाखाचे विणत. पॅलेटच्या मुळाशी 'पाला', म्हणजे फावडे आहे. चित्र टेकवण्याच्या ईझलला डच भाषेने गाढवाचे नाव दिले. आपणही रंगाऱ्याच्या शिडीला घोडा म्हणतोच. तेव्हा ही कला परक्यांची, बड्यांची, असे समजून बिचकण्याचे कारण नाही.

गायतोंडे तर आपल्याच विदर्भात, नागपूर येथे 1924 साली एका गोमंतकीय कुटुंबात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून त्यांनी 1948 साली पदविका घेतली. पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 साली त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. परंतु त्यांना स्वतःला 'ॲब्स्ट्रॅक्ट' हे विशेषण मान्य नव्हते. आपली चित्रे 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' आहेत, असे ते म्हणत. ऑब्जेक्ट म्हणजे मुळात 'समोर टाकलेले'. झाड किंवा चेहरा घेऊन त्यातून आकार ओढून काढावा, अशी त्यांची रीत नव्हती. समोर वस्तूच नव्हती.

मला मात्र असे वाटते की, त्यांनी नाकारलेला शब्द त्यांच्या हातात राहिला. रोलरने ते रंग पसरवीत, पॅलेट नाइफने खरवडीत, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत. थर चढवायचा आणि त्यातील काही पुन्हा काढून घ्यायचे. ओढून काढण्याची ही क्रिया त्यांनी वस्तूवर नव्हे, रंगावर केली. म्हणूनच त्यांच्या चित्रातील उजेड वरून टाकल्यासारखा दिसत नाही. तो आतून वर आल्यासारखा वाटतो. शेतात नांगरट झाल्यावर खालची ओली माती वर येते, तसा.

येथे एक सावधगिरी हवी. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. मिनिएचर हा शब्द 'मिनियम', म्हणजे शेंदूर, यावरून आला. मठवासी लेखक हस्तलिखितांतील अक्षरे शेंदराने रंगवीत. पुढे लॅटिनमधील 'लहान' या अर्थाच्या शब्दाशी त्याचा घोटाळा झाला आणि मिनिएचर म्हणजे लघुचित्र ठरले. गायतोंडे यांनीही आरंभी भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला, आणि त्यातील माणसे मागे ठेवून रंग तेवढे पुढे नेले. शब्द आणि चित्रकार दोघेही आपले मूळ सोडून पुढे जातात.

या चित्रांबद्दल एक तक्रार मात्र न्याय्य आहे. छापील प्रतीत त्यांचे थर सपाट होतात आणि अस्सल चित्र पाहण्यासाठी वरूडच्या माणसाला मुंबई-दिल्ली गाठावी लागते. बागाईतदाराला काही दिसले नाही, हा सर्वस्वी त्याचा दोष नव्हे. तरीही त्याचा प्रश्न मुलीच्या उत्तराहून मोलाचा होता. तो निदान पाहत होता. पुढल्या वेळी मी त्याला एवढेच विचारणार आहे: "यात काय दाखवले आहे ते राहू द्या, कोणता रंग आधी लावला असेल, ते सांगा पाहू."