वळिवड्याच्या आठवणी आणि आईचे मौन

वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की त्या शहरालगतच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांतील बहुतेक आपल्यासारखेच कॅथलिक. पुरुष थोडे, स्त्रिया व मुले अधिक. त्या वसाहतीत वाढलेल्यांनीच पुढे लंडनमध्ये सिद्ध केलेला ‘पोल्स इन इंडिया १९४२-१९४८’ हा ग्रंथ (मूळ पोलिश आवृत्ती २०००, इंग्रजी २००९) आम्ही वाचला, तो या आपलेपणापोटी.

या कुटुंबांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. १९४१ च्या करारानंतर सुटका झाली खरी; पण मध्य आशियात आणि पुढे इराणात उपासमारीने व टायफसने हजारो दगावले. एवढे पाहून आलेली मुले वळिवड्याविषयी लिहू लागली, की शाळा, बालवीर पथके, नाटके, मिस्सा, नाताळ यांतच रमतात. कोणी यास वरवरचेपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. उद्या भाकर मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नव्हते, त्या मुलाला रोज ठरल्या वेळी शाळा आणि रविवारी मिस्सा असणे हाच मोठा उपचार होता. वृत्तपत्रे ज्याला चिवटपणा म्हणून गौरवितात, तो अशा साध्या नेमातून आलेला आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हा आनंद मुलांचा. ज्यांनी वाटेत लेकरे पुरली आणि उरलेल्यांच्या वेण्या घालून त्यांना शाळेत धाडले, त्या आयांचा आवाज येथे फारसा ऐकू येत नाही. ग्रंथ सिद्ध होईपर्यंत त्यांतल्या बहुतेक काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या, हे कारण आम्ही मानतो. तरी उणीव ती उणीवच. आपल्याकडेही गोव्याहून आलेल्या घराण्यांत पूर्वज कोणत्या गावचे ते सांगतात; निघताना घरातल्या बाईवर काय गुदरले, ते कोणी सांगत नाही.

१९४५ च्या याल्टा परिषदेनंतर त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेली. परतायला घर उरले नाही, ही वार्ता बराकीतल्या आईने मुलांना कोणत्या शब्दांत सांगितली असेल?

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही पोलिश कबरी आहेत. पुढच्या खेपेस तेथे जाण्याचे आम्ही योजिले आहे.