कान नसलेला उपदेशक

बार्बरा किंगसॉल्व्हर या अमेरिकन लेखिकेची ‘द पॉयझनवुड बायबल’ ही कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली. ती मिशनकार्याची निंदा करणारी आहे, असे समजून एखादा श्रद्धावंत वाचक तिला दूर ठेवील. आमचे मत निराळे आहे. आफ्रिकेतील खेड्यांत सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी आणि त्यांना आशीर्वाद देऊन पाठविणाऱ्या धर्मग्रामांनी ती अवश्य वाचावी.

कथानक १९५९ साली सुरू होते. जॉर्जिया राज्यातील बॅप्टिस्ट उपदेशक नेथन प्राइस हा पत्नी व चार मुलींसह तत्कालीन बेल्जियन काँगोतील किलांगा या खेड्यात एका वर्षासाठी येतो. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असल्यामुळे मुलींच्या वाढदिवसांसाठी घेतलेले केकचे तयार पीठसुद्धा ही मंडळी कपड्यांखाली लपवून नेतात. काँगोच्या दमट हवेत ते दगडासारखे घट्ट होते.

नेथन सपाट जमिनीत बी पेरतो. मामा ताताबा ही स्थानिक स्त्री मातीचे उंचवटे करावयास सांगते. तो ऐकत नाही आणि मुसळधार पावसात बी वाहून जाते. पुढे वेली फोफावतात, पण फळ धरत नाही. त्या फुलांचे परागीभवन करणारे कीटक तेथे नसतात. नदीत बाप्तिस्मा देण्याचा त्याचा हट्ट असतो, पण गावकरी मुलांना पाण्यात उतरू देत नाहीत. नदीतल्या मगरीने गावातील एका मुलीचा बळी घेतला होता, हे त्याला उशिरा कळते. प्रवचनाच्या शेवटी येशू ‘बांगाला’ आहे, असे तो गर्जून सांगतो. त्याला म्हणावयाचे असते ‘अनमोल’. चुकीच्या उच्चारामुळे अर्थ होतो अंगावर फोड आणणारे विषारी झाड!

श्रद्धा आणि कष्ट यांत नेथन कोणालाही हार जाणार नाही. त्याच्याजवळ कान तेवढे नाहीत. येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा आत्मसात केल्या आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. उपदेशकाने आधी विद्यार्थी व्हावे लागते, याचे याहून मोठे उदाहरण मराठी ख्रिस्ती माणसाला कशाला हवे? लोकांच्या परंपरांत दडलेली शब्दाची बीजे आदराने शोधावीत, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली मिशनकार्यविषयक आज्ञापत्रात सांगितले आहे.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. ती आई आणि चार मुली यांच्या तोंडून सांगितली आहे. नेथनला स्वतःची बाजू मांडावयास एकही प्रकरण मिळत नाही, त्यामुळे तो पुष्कळदा माणूस न वाटता आरोपपत्र वाटतो. अधिक खटकते ते हे, की गावकऱ्यांनाही निवेदनात वाटा नाही. न ऐकण्याचा दोष दाखविणाऱ्या लेखिकेने किलांगाला तरी बोलू द्यावयास हवे होते. लेखिकेने बालपणाचा काही काळ काँगोत घालविला होता. परक्याच्या नजरेची मर्यादा तिने जाणूनबुजून पाळली, असे तिच्या बाजूने म्हणता येईल. तरीही उणीव उरतेच.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र होतो. परत जाण्याचा सल्ला नेथन धुडकावतो. पुढे धाकटी रूथ मे सर्पदंशाने मरते. एकाच्या हट्टाची किंमत दुसऱ्याने, तीही बालकाने भरावी, हा या कादंबरीचा खरा घाव आहे.

आज युरोप-अमेरिकेतील अनेक धर्मग्रामांतून दोन-तीन आठवड्यांसाठी स्वयंसेवक आफ्रिकेत जातात. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु भिंत रंगवावयास गवंडी आणि रंगारी गावातही असतात. पाहुण्याने पहिल्या दिवशी हातात कुंचला घेण्यापूर्वी गावाला काय हवे, हे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. नेथनने एवढे केले असते, तर मामा ताताबाने त्याला शेतीच काय, मगरीची गोष्टही सांगितली असती.