शिक्षा

परवा आमचे हिंदीभाषक शेजारी पेढे घेऊन आले. म्हणाले, "बेटे की शिक्षा पूरी हो गई!" मी हळहळून विचारलं, "कितने साल की थी?" "चार," ते म्हणाले. "जाऊ द्या, सुटला ना एकदाचा!" मी धीर दिला. तेव्हापासून जिन्यात ते मान वळवतात.

दोष माझा नाही, शब्दाचा आहे. संस्कृतात 'शक्' म्हणजे जमणं. त्याचंच इच्छारूप 'शिक्ष्'. आपल्यालाही जमावं, ही हौस! वेदांगांत शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. हिंदी-बंगालीत शिक्षण. मराठी, कन्नड, मल्याळीत मात्र दंड!

कोशात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात. मधली छडी तेवढी कोशकार गाळतात. टीका करायची ती इथंच. २००९ च्या कायद्यानं शाळेतल्या मारावर बंदी घातली. हिंदीत तो 'शिक्षा का अधिकार'. आपण शहाणपणानं 'शिक्षणाचा हक्क' म्हटलं, नाहीतर पोरं शाळेकडे फिरकली नसती.

सतराच्या पाढ्यापायी मी पुष्कळ शिक्षा घेतली, अस्सल मराठी अर्थानं. छडी अजून आठवते. सतरा नव्वे मात्र बायकोला विचारतो.