संसाराची ख्रिस्ती पुस्तकं आणि एक अध्याय

विवाहाविषयी मार्गदर्शन करणारी जी ख्रिस्ती पुस्तकं आज सहज मिळतात, त्यांतली बरीचशी गेल्या पन्नास वर्षांतली आणि अमेरिकन आहेत. त्यांतली बहुतेक कधी ना कधी बायबलमधल्या, पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाकडे वळतात. त्यातलं २१वं वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं, २२वं पत्नीला पतीच्या. लेखक कोणत्या वचनाला धरून बसला आहे, हे मी आधी पाहते. पुढचा सल्ला बराचसा त्यावरच ठरतो.

मॅराबेल मॉर्गन यांचं ‘द टोटल वूमन’ १९७३ साली आलं आणि अमेरिकेत तुफान खपलं. पतीला स्वीकारा, वाखाणा, त्याच्या कलाने घ्या, हा त्याचा गाभा. घर सांभाळण्याचं सगळं ओझं एकाच खांद्यावर. एमर्सन एगरिच यांच्या ‘लव्ह अँड रिस्पेक्ट’चा (२००४) आधार त्याच अध्यायातलं ३३वं वचन: पत्नीला प्रेम हवं, पतीला आदर. मांडणी सुटसुटीत आहे, पण मारहाण होणाऱ्या घरात ‘आधी आदर दे’ हा सल्ला बाईच्या जिवावर बेतू शकतो. कॅनडाच्या शीला रे ग्रेगोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून ‘द ग्रेट सेक्स रेस्क्यू’ (२०२१) लिहिलं. शरीरसंबंध हे पत्नीचं देणं आहे, असल्या शिकवणीने सहजीवन किती पोखरतं, हे त्यांनी दाखवलं. या साहित्यप्रकाराची इतकी कठोर तपासणी त्याच्याच वाचकवर्गातून व्हावी, ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते.

गॅरी चॅपमन यांच्या ‘द फाइव्ह लव्ह लँग्वेजेस’बद्दल (१९९२) थोडक्यात सांगते. कोट्यवधी प्रती खपल्या, आणि जोडीदाराला काय भावतं ते विचारायची सवय त्याने अनेकांना लावली. मात्र त्यातल्या पाच भाषांच्या सिद्धान्ताला मानसशास्त्रात भक्कम पुरावा नाही. कठोर वागणाऱ्या नवऱ्यावर सहा महिने आणखी प्रेम करून पाहा, हा त्यातला सल्लाही मला पटत नाही.

टिमथी आणि कॅथी केलर यांचं ‘द मीनिंग ऑफ मॅरेज’ (२०११) अधिक खोल जातं. न्यूयॉर्कच्या अविवाहित तरुणांपुढे दिलेल्या प्रवचनांतून ते घडलं. २१व्या वचनातल्या परस्पर अधीनतेवर ते पुरेसं थांबतं, विवाहाचा मोठा शत्रू म्हणून दोघांच्याही स्वार्थाकडे बोट दाखवतं. पती हा पत्नीचं मस्तक, ही शिकवण मात्र ते सोडत नाही, आणि तिथे माझी त्यांच्याशी फारकत होते.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जवळचं वाटावं असं पुस्तक मात्र आफ्रिकेत घडतं. कॅमेरूनमध्ये मिशनरी असलेल्या वॉल्टर ट्रोबिश या जर्मन पाळकाचं ‘आय मॅरीड यू’ (१९७१). एका आफ्रिकी शहरातल्या काही दिवसांच्या व्याख्यानांची ही हकिकत. ट्रोबिश उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं २४वं वचन धरतात: पुरुष आईबापांना सोडून पत्नीला जडून राहील. सोडायचं पुरुषाने! जिथे माहेर सोडणं सुनेच्याच वाट्याला येतं आणि मुलगा लग्नानंतरही आईच्या शब्दाबाहेर नसतो, तिथे हे वचन किती जणांनी मनापासून ऐकलं आहे? त्या वचनात मुलाबाळांचा उल्लेख नाही, म्हणून अपत्य नसलेला विवाहही पूर्णच, असंही ते सांगतात. वांझ म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला हा मोठा आधार आहे. शिवाय ते स्वतःच्या आणि पत्नी इंग्रिडच्या संसारातले ताण लपवत नाहीत.

मराठीत असा संसार मार्गदर्शनाच्या पुस्तकात नाही, तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. दुरावा, नातेवाइकांचा धाक, पुन्हा एकत्र येणं, आणि १९०० साली त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. पतीचा लहरी स्वभाव त्या झाकत नाहीत, आणि त्यांच्यावरची मायाही लपवत नाहीत. एकाने विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने नाही, तर काय करायचं, हा प्रश्न पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात घेतला आहे. वर नाव घेतलेल्या अमेरिकन पुस्तकांचा तो मुख्य विषय नाही. महाराष्ट्रात मात्र आजही कितीतरी घरांत तोच आधी उभा राहतो, आणि त्यावर मराठीत, आजच्या कायद्याचं आणि कुटुंबाचं भान ठेवून लिहिलेलं पुस्तक हवं आहे.