‘द ऑक्टोपस’ : गहू, रेल्वे आणि विकत घेतलेली खुर्ची

फ्रँक नॉरिस या अमेरिकन कादंबरीकाराची ‘द ऑक्टोपस’ ही कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, लेखकाचे निधन झाले आणि गव्हावरील त्याच्या संकल्पित कादंबरीत्रयीचा तिसरा भाग अलिखितच राहिला. रेल्वे कंपनी आणि शेतकरी यांच्या झगड्याची ही कथा. कॅलिफोर्नियातील मसल स्लू येथे ११ मे १८८० रोजी जमिनीच्या ताब्यावरून गोळीबार होऊन सात माणसे मेली. त्या घटनेचा आधार तिला आहे. परंतु आमच्या मते कादंबरीचा प्राण गोळीबारात नाही. तो एका निवडणुकीत आहे.

त्या राज्याने १८७९ च्या संविधानात रेल्वेचे दर ठरवण्यासाठी तीन निर्वाचित सदस्यांचे मंडळ नेमले होते. कंपनीला वेसण घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण ज्यांना वेसण घालायची त्यांनीच मंडळ खिशात घातले. नॉरिस हे भाषणांतून सांगत नाही, डाइकच्या पात्रातून दाखवतो. इंजिन ड्रायव्हरची नोकरी गेल्यावर हा साधा गृहस्थ सर्वस्व ओतून हॉप्सची लागवड करतो. पीक हाती येताच कंपनी पौंडामागे २ सेंटांचे भाडे ५ सेंट करते. हा दर कोणत्या हिशोबाने, असे तो विचारतो. जेवढा भार माणसाला सोसेल तेवढा, एवढाच हिशोब असल्याचे त्याला कळते. कंपनीचा स्थानिक हस्तक बेहरमन येथे जराही आवाज चढवत नाही, म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो.

खरा पेच मॅग्नस डेरिकचा. हा जुन्या वळणाचा, ताठ कण्याचा जमीनदार. मंडळावर आपला माणूस निवडून आणायचा तर प्रतिनिधींना पैसे चारावे लागतील, असे सहकारी सुचवतात. मॅग्नस आधी नकार देतो, मग डळमळतो, आणि शेवटी होकार देतो. निवडून येतो त्याचाच वकील मुलगा लायमन. आणि लायमन केव्हाच कंपनीचा झालेला असतो. नवे दरपत्रक निघते. दर उतरतात ते जिथे गहू पिकत नाही तिथले. खोऱ्यातून बंदराकडे जाणाऱ्या गव्हाचे भाडे तसेच राहते. बापाने लाच देऊन विकत घेतलेली खुर्ची मुलाने आधीच दुसऱ्याला विकलेली होती. ही प्रकरणे आम्हांला कादंबरीतील सर्वांत समर्थ वाटतात. पुढे धाकटा मुलगा गोळीबारात मरतो, लाचेचा बभ्रा होतो, आणि मॅग्नसवर बेहरमनच्याच दारी नोकरी मागण्याची पाळी येते.

येथपर्यंत नॉरिस निर्भय आहे. नंतर मात्र तो कच खातो. कवी प्रेस्ली संतापाने कंपनीचा अध्यक्ष शेल्ग्रिम याला भेटतो. गहू ही एक शक्ती, रेल्वे ही दुसरी. दोष परिस्थितीचा, माणसांचा नव्हे, असे शेल्ग्रिम समजावतो आणि प्रेस्ली निरुत्तर होतो. वाईट याचे वाटते की लेखकही निरुत्तर होतो. विधवा मिसेस हूवेन सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर भुकेने मरत असताना रेल्वेच्या अधिकाऱ्याकडे मेजवानी झडते, हे प्रकरण ज्याने लिहिले त्यानेच अखेरीस गहू उरला यात समाधान मानावे? तो गहू जहाजातून निघतो दुष्काळग्रस्त हिंदुस्थानाकडे. १८९९-१९०० च्या दुष्काळात आपला मुंबई इलाखाही होरपळला होता. म्हणजे नॉरिसच्या समाधानात आपलेच आजे-पणजे जमेस धरलेले आहेत. त्यांच्या नावाने डाइक आणि हूवेन यांचा हिशोब मिटवणे आम्हांला मान्य नाही.

नॉरिसचे ‘लोक’ही फार थोडे आहेत. सशांच्या कत्तलीच्या प्रसंगी पोर्तुगीज आणि मेक्सिकन मजुरांच्या रक्ताविषयी तो जे लिहितो ते डिसोझा-परेरांच्या घरात वाचताना हसावे की चिडावे कळत नाही. फादर सॅरिया हे मिशनचे धर्मगुरू प्रेमळ आहेत, पण लेखकाने त्यांना बहुतांशी व्हॅनामीच्या विरहकथेत गुंतवून ठेवले आहे.

शेल्ग्रिमला उत्तर इतिहासाने दिले. १९१० साली हायरम जॉन्सन याने रेल्वेला राजकारणातून हुसकावण्याच्या एकाच मुद्द्यावर, मुद्दाम मोटारीने राज्यभर हिंडून, गव्हर्नरपद जिंकले. १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांनी कायदा स्वतः मांडण्याचा, विधिमंडळाचा कायदा सार्वमताने रोखण्याचा आणि प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क मिळवला. त्याच दिवशी स्त्रियांना मताधिकार मिळाला. रेल्वे मंडळ मात्र निवडणुकीतून काढून गव्हर्नर-नियुक्त करण्यात आले. मॅग्नसचा पेच सुधारकांना चांगलाच कळला होता, असे यावरून दिसते.

आणि तरीही लायमन मेला नाही. मालवाहू रेल्वेच्या जागी आज मोबाइलवरून बोलावण्याच्या गाड्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी १९११ च्याच हक्काचा वापर करून, २० कोटी डॉलरहून अधिक खर्चून, आपल्या चालकांना नोकरदार न मानण्याचा कायदा जनतेकडूनच संमत करून घेतला. सुमारे ५८ टक्के मते पडली. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पर्याय वाढावेत म्हणून २०१० साली आणलेल्या, पहिल्या दोघांनाच अंतिम फेरीत नेणाऱ्या प्राथमिक निवडणुकीने तर छोट्या पक्षांना नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून जवळपास पुसून टाकले.

कादंबरी जाडजूड आहे. व्हॅनामीची गूढ प्रकरणे चाळली तरी चालतील. पण ती बैठक, जिथे होकार दिला जातो, ती सावकाश वाचावी.