संभाषण नसलेली नोंद

२०१८ च्या आरंभी मोबाइलच्या कॉल-नोंदी बेकायदा विकल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना पकडले. चर्चा झाली ती बड्या नावांचीच. नोंद म्हणजे नेमके काय, हे आम्ही वाचलेल्या बहुतेक बातम्यांनी एका ओळीत उरकले.

या नोंदीत संभाषण नसतेच. असतात ते दोन्ही क्रमांक, वेळ, कालावधी आणि बोलणे सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरशी जोडलेला होता त्यांचे संकेतांक. डोंबिवलीला लोकलमध्ये चढताना सुरू केलेले बोलणे मुंब्र्याला संपवलेत, की प्रवासाची दिशा नोंदली गेली! (गर्दीत हात कानापर्यंत पोचला तर.) महिनाभराच्या अशा नोंदींवरून घर, कचेरी, एखाद्या रुग्णालयाच्या परिसरातल्या फेऱ्या, सारे एक शब्दही न ऐकता ताडता येते. म्हणूनच ‘बोलणे थोडेच ऐकले?’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

दहा काल्पनिक नोंदी आणि ठाणे-कल्याण मार्गाचा नकाशा नववीच्या वर्गापुढे ठेवून पाहा. ती व्यक्ती राहते कुठे, हे मुले किती मिनिटांत सांगतात?