आइसलँडचे संगीत आणि ज्वालामुखीची जाहिरात

आइसलँडच्या संगीतकाराची नवी ध्वनिमुद्रिका आली की वेष्टनावर बर्फ, धुके नाहीतर काळी वाळू असणार, हे न बघताही सांगता येते. परीक्षणेही तीच री ओढतात. पण जेमतेम चार लाख वस्तीच्या देशातली माणसे न्यूयॉर्क आणि बर्लिनच्या वाद्यवृंदांसाठी लिहू लागली, ती काही हिमनद्यांच्या पुण्याईने नव्हे.

निसर्गाला खरोखर स्वरांत ओढले ते योन लेइफ्सने (१८९९–१९६८). लाइपझिगला शिकलेला हा माणूस मायदेशी हिंडून लोकगीते मुद्रित करत असे. षड्ज-पंचमाच्या अंतराने समांतर चालणारे 'त्वीसोंगूर' या लोकगायनाचे दोन आवाज आणि सतत बदलणारे तालाचे वजन, हे त्याचे भांडवल. हेक्ला ज्वालामुखीवरच्या 'हेक्ला' (१९६१) या रचनेत ऐरण, दगड, साखळ्या, भोंगे असा सगळा दारूगोळा आहे आणि लेइफ्सचे नाव निघाले की तिचीच आठवण काढली जाते. मला मात्र बुडून मरण पावलेल्या मुलीसाठी त्याने १९४७ साली केलेले, वाद्यांविना गायचे 'रेक्विएम' कितीतरी मोठे वाटते. आवाज जराही न चढवता ते आपल्याला धरून ठेवते. त्याच्या हयातीत देशाने त्याला फारसे ऐकलेच नाही. त्याच्या 'एड्डा' या ऑरेटोरिओचा पहिला भाग पूर्ण वाजायला २००६ उजाडले.

आजचे मोठे नाव आना थोर्वाल्ड्सदोत्तिर. तिची 'मेटाकॉसमॉस' २०१८ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने प्रथम वाजवली. लांब धरलेला स्वर म्हणजे हातातले नाजूक फूल, ते घेऊन दोरीवरून चालायचे आहे, अशी सूचना ती वादकांना लिहून देते. हे नुसते काव्य नव्हे. गजाची खरखर आणि श्वासाचे आवाज यांतून तिचा स्वर वाद्यावाद्यांत सरकत, आतून बदलत राहतो. तिचे अनुकरण करणाऱ्यांकडे नेमके हेच नसते. त्यांच्याकडे नुसता लांब स्वर उरतो. आपल्याकडे तंबोरा चालू असतो, पण त्यावर कुणीतरी गातही असते!

गंमत अशी की जगभर पोचलेल्या दोन रचनांचे मूळ यंत्रांत आहे. योहान योहान्सनने 'आयबीएम १४०१' ही रचना वडील ज्याची देखभाल करत त्या संगणकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर उभी केली. हिल्दुर गुद्नादोत्तिरने 'चेर्नोबिल' मालिकेसाठी लिथुआनियातल्या बंद अणुवीज केंद्रात जाऊन आवाज टिपले. पुढे 'जोकर' चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले आणि मंद तंतुवाद्ये, घुमणारा पियानो यांचे पीकच आले. त्यातले बरेचसे अभ्यासाला बसताना मागे लावून ठेवायच्या लायकीचे आहे.

या धुक्याच्या बाजारात योरुन विदारला (१९१८–२०१७) गिऱ्हाईक नाही. कितीतरी वर्षे देशाच्या संगीतकार संघटनेत ती एकटीच स्त्री होती. 'स्लाऊट्टा' हा तिचा पियानो कन्चेर्टो १९७७ चा. लोकगीतांच्या लयीवर पोसलेले तिचे संगीत टवटवीत, नाचरे आहे, आणि परदेशी कार्यक्रमपत्रिकांत ते क्वचितच दिसते.